आडनावाचा धनी

माझं पोट आडनावांवर चालतं, आणि तेही परक्यांच्या.

फ्रान्समधल्या म्हाताऱ्या माणसांना एका वयानंतर आपलं आडनाव कुठून आलं याची चुटपुट लागते. मुलं पांगलेली असतात, गुडघे दुखत असतात, वेळ भरपूर असतो. मग ते कुठल्यातरी संकेतस्थळावर अर्ज भरतात आणि तो अर्ज अंधेरीच्या एका ऑफिसात येऊन पडतो. ऑफिस म्हणजे मेट्रोच्या पुलाला खेटलेल्या इमारतीत दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर आणि एक मॅडम. मॅडमना फ्रेंच येत नाही. मला येतं, कारण कॉलेजात मार्क जास्त मिळतात म्हणून मी ते घेतलं होतं. पन्नाशीत तू बोरिवलीच्या हॉलमध्ये बसून दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांचं गिचमिड अक्षर लावत बसशील, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

काम चिकट आहे. तिकडच्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो येतात. नातवापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे उतरत जायचं. लग्नाच्या नोंदीत आईबापांची नावं असतात, त्यावरून गाव कळतं, मग त्या गावची वही उघडायची. शेवटी तीन पानांचा वृत्तांत लिहायचा, की आडनाव कुठे उगवलं आणि कुठून कुठे गेलं. जिथे नोंदी संपतात तिथे मॅडमची मसाल्याची बरणी उघडते. “अगं, लोकांना किल्ला पाहिजे असतो ना,” त्या म्हणतात. “किल्ला नसेल मिळत तर एखादी तलवार दे. कोण बघायला जातंय?” खोटं कशाला बोलू, मीही दिल्यात तलवारी. निदान पाचसहा घराण्यांना मी घरबसल्या सरदार केलंय.

गेल्या वर्षी श्रावण लागला आणि त्याच आठवड्यात एका निवृत्त शिक्षकाचा अर्ज आला. वय एकोणऐंशी, राहायला पॅरिसच्या उपनगरात, म्हणजे त्यांच्या बोरिवलीत. त्यांच्या आडनावाचा अर्थ एक चिमुकला पक्षी, आपल्या शिंजिराएवढा. घराण्यात पिढ्यान् पिढ्या गोष्ट चालत आली होती की उत्तरेच्या समुद्राकाठी त्यांचा मूळपुरुष कोणी जहागीरदार होता, त्याच्या ढालीवर हा पक्षी होता, आणि किल्ला गेल्यावर तो दक्षिणेत पळून आला. आजोबांनी तो पक्षी काढलेल्या बारा बशा करवून घेतल्या होत्या. त्या जेवणघराच्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या, त्याचा फोटो अर्जासोबत जोडलेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे सगळे नातेवाईक कबरींवर फुलं ठेवायला जमतात, तेव्हा हा वृत्तांत त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा होता.

माणूस बोलका होता. दुसऱ्याच ईमेलमध्ये त्याने मला विचारलं, तुमच्या आडनावाचा अर्थ काय, ते कुठून आलं? मी चटकन लिहून टाकलं की आम्ही मूळचे कोकणातले, आजोबा गिरणीत कामाला आले, आणि आमचं गाव पुढे धरणाखाली गेलं. हे मी जन्मभर ऐकत आले होते. शाळेत सगळ्या मुली मे महिन्यात गावाला जायच्या आणि मी बसायची पत्र्याच्या शेडखाली एकटीच सागरगोटे खेळत. “आपलं गाव पाण्यात गेलं,” बाबा सांगायचे. मी कधी विचारलं नाही की कुठलं धरण. आता हसू येतं. परक्यांच्या पणजोबांचा माग काढणारी बाई, आणि घरात एक साधा प्रश्न विचारायची अक्कल नाही.

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन नऊ वर्षं झाली. बाबा शहात्तर वर्षांचे, पाणी खात्यात मीटर तपासून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. माझं लग्न मोडलं तेव्हा मी हट्टाने माहेरचं आडनाव परत लावलं. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, बँक, आधार, पासपोर्ट, दोन वर्षं नुसते खेटे. बाबा सोबत यायचे, बाकावर बसायचे, पण एकदा वैतागून म्हणाले होते, “कशाला एवढा आटापिटा? आडनावात काय आहे, सांग मला!” मी इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. मला वाटलं, नवऱ्याचं नाव टाकलं म्हणून यांना लाज वाटते.

आणखी एक गोष्ट होती, जी मी पाहत होते आणि दिसत नव्हती. पितृपक्षात आजोबांच्या तिथीला आमच्याकडे दोन पानं वाढतात. एकावर वडे, खीर, भाजी, सगळं रीतसर. दुसऱ्यावर भात, आणि त्या भातावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. एरवी सुका बांगडा आमच्या घरात येत नाही, आजोबांनी तो कधी तोंडाला लावला नाही. लहानपणी मी आईला विचारलं होतं, हे दुसरं कोणाचं? ती म्हणाली, “असंच. तू हात धू.” कावळा मात्र दरवर्षी आधी त्या दुसऱ्या पानावर बसायचा. त्यात गूढ काही नाही, कावळ्यालासुद्धा बांगडा आवडतो.

तर मी त्या पक्ष्याचा माग काढत मागे निघाले. शिक्षकांचे वडील मार्सेलच्या बंदरात हमालांचे मुकादम. आजोबा, बशावाले, ल्यों शहरातून तिथे आलेले. ल्यों म्हणजे रेशमाच्या मागांचं शहर. पणजोबा तिथे माग चालवायचे, त्यांच्या लग्नाला चार साक्षीदार, चौघेही विणकर. हे वाचताना मला उगाच बरं वाटलं, आमच्याही आजोबांनी माग चालवला होता. खापरपणजोबा ल्योंचे नव्हते. ते डोंगरातल्या एका खेड्यात शेतावर गडी होते आणि पोट भरायला शहरात उतरले होते. त्यांच्या लग्नाच्या नोंदीत सही नाही, सही येत नसल्याची टीप आहे. आणि आईबापांच्या जागी लिहिलंय, अज्ञात.

इथे मॅडमची बरणी उघडायला हवी होती. पण मला खोड आहे, एकदा खपली दिसली की काढल्याशिवाय राहवत नाही. त्या खेड्यात त्या काळी शहरातली टाकलेली मुलं दूध पाजायला पाठवत असत. मग मी जवळच्या शहरातल्या अनाथालयाची वही मागवली, चार अख्ख्या दुपारी ती चाळली आणि तो मला सापडला.

अनाथालयाच्या भिंतीत एक फिरती पेटी असायची. बाहेरून बाळ ठेवायचं, पेटी फिरवायची, घंटा वाजवून निघून जायचं. नोंदीप्रमाणे सकाळी घंटा वाजली. मुलगा, साधारण आठ दिवसांचा, अंगाला जुन्या पडद्याचं कापड गुंडाळलेलं, मनगटाला निळ्या फितीचा तुकडा. अशी फीत आई अर्धी कापून स्वतःकडे ठेवत असे, परत न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून. कारकुनाने बाळाला नाव दिलं आणि आडनाव दिलं, त्या छोट्या पक्ष्याचं. त्याच पानावर त्याच्या आधीची एक मुलगी आहे, तिला चंडोलाचं आडनाव. नंतरच्या मुलाला कोकिळेचं. आदल्या आठवड्यातली मुलं सगळी झाडांची. म्हणजे साहेब त्या आठवड्यात पक्ष्यांवर आले होते. जहागीरदार नाही, ढाल नाही. त्या सकाळच्या आधी हे घराणं जगात नव्हतं. फितीचा दुसरा अर्धा तुकडा घेऊन कोणी आल्याची नोंद नाही, मी पुढची वीस वर्षं तपासली.

संध्याकाळी जेवताना मी हे बाबांना रंगवून सांगितलं. मला त्यात गंमत वाटत होती, ती बारा बशांची. “एका कारकुनाने कान खाजवत नाव ठोकून दिलं बाबा, आणि ह्यांनी भिंतीवर टांगलं!”

बाबांनी घास खाली ठेवला.

“त्याला निदान कोणीतरी दिलं,” ते म्हणाले. “आपण घेतलं.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी आमटी वाढायला गेले तर त्यांनी वाटीवर हात धरला. मग त्यांनी जे सांगितलं ते ताटातला भात वाळेपर्यंत चाललं होतं. मी ते माझ्या शब्दांत सांगते, त्यांचे शब्द फार तुटक होते.

आजोबा कोकणातून आले ते भाऊबंदकीत मार खाऊन. गाव सोडलं ते सोडलंच, धरणबिरण काही नाही, गाव तिथंच आहे. गिरणीत त्यांना बदली कामगार म्हणूनही कोणी घेईना. तेव्हा मागखात्यात एक जण होता, दुसऱ्या गावचा पण आपल्याच मुलखातला. त्याची आजोबांशी खाणावळीत ओळख झाली, एकाच ताटात जेवण्याइतकी. त्याला छातीचा आजार झाला आणि त्याने गावी जायचं ठरवलं. कायम कामगाराने फार दिवस दांडी मारली की जागा जायची. म्हणून लोक काय करत, विश्वासातल्या माणसाला स्वतःच्या नावावर भरून जात. पास त्याच्या हातात द्यायचा, जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, सांभाळून घ्यायचं, आणि परत आलं की आपला पास आपल्याला. पासावर तेव्हा फोटो नसे, नाव आणि नंबर. असे पुष्कळ भरत होते, त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. तो म्हणाला, “माझ्या नावावर भर, मी पावसानंतर येतो.” आजोबांनी त्याच्या नावाने हाका मारून घ्यायला सुरुवात केली.

तो पावसानंतर आला नाही. आजार लांबला. वर्ष होत आलं. दरम्यान आजीने बाबांना जन्म दिला, आणि गिरणीच्या ओळखीने मिळालेल्या दवाखान्यात बाळाच्या कागदावर पासावरचं आडनाव लागलं. त्याच आठवड्यात तो माणूस गिरणीच्या गेटवर येऊन उभा राहिला. बरा झालेला, हातात पिशवी. त्याने आपलं नाव सांगितलं. गेटवाला म्हणाला, हा तर आत कामावर आहे. त्याने पुन्हा सांगितलं. टाइमकीपरला बोलावलं, त्याने जॉबरला, जॉबरने भिंतीकडे बघितलं. मग आजोबांना मागावरून बोलावून आणलं. टाइमकीपरने त्या माणसाकडे बोट करून आजोबांना विचारलं, “ह्याला ओळखतोस?”

आजोबा म्हणाले, “नाय.”

एवढंच. तो माणूस भांडला नाही म्हणे. पिशवीतून कागदाची पुडी काढून त्याने गेटच्या पायरीवर ठेवली आणि गेला. गेटवाल्याने पुडी आजोबांच्या हातात कोंबली. सुके बांगडे होते. आजोबांसाठीच त्याने गावाहून आणले होते.

मी बाबांवर ओरडले. शहात्तर वर्षांच्या माणसावर ओरडू नये, पण ओरडले. दोन वर्षं मी त्या आडनावासाठी साहेबांच्या दारात उभी राहिले आणि तुम्ही बाकावर गप्प बसून होतात! ते म्हणाले, “काय सांगू? आधी वाटायचं नोकरी जाईल. मग तुझी शाळा, मग तुझं लग्न. मग सवय झाली गं.” पुढे म्हणाले, “मी त्या आठवड्यात जन्मलो नसतो तर त्यांनी होय म्हटलं असतं. हे डोक्यातून जात नाही माझ्या.” मला रडू आलं, रागाचं की कशाचं ते कळेना. त्यांनी आजोबांचं खरं आडनाव सांगितलं, एकदाच, हळू आवाजात. मी ते माझ्या नावापुढे लावून बघितलं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या कोणा बाईला हाक मारल्यासारखं वाटलं.

“आणि तो माणूस?” मी विचारलं.

तो गावच्या मंडळींत परत गेला. त्याने सगळ्यांना सांगितलं की माझं नाव चोरीला गेलं. लोक हसले. नावाची चोरी कधी होते काय? दारू पिऊन कामावरून काढला असेल आणि आता थापा मारतो, असं ठरलं. गावात त्याला थापाड्याच म्हणायला लागले. मग तो घाटकोपरच्या डोंगरावर झोपडं बांधून राहिला, बिगारी करत राहिला, आणि मरेपर्यंत गेटची गोष्ट सांगत राहिला. मुलगी होती एक. तिने लग्न केलं नाही, बापाला सांभाळलं.

मुलगी म्हटल्यावर मला ती आठवली. आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. तेराव्याच्या दिवशी एक काळीसावळी बाई दारात आली, आत आली नाही, आईने दिलेलं पाणी घेतलं नाही. बाबांना एवढंच म्हणाली, “आता तरी सांगतलंस काय?” बाबा मान खाली घालून उभे. ती गेली. मला वाटलं होतं, कसलं तरी घेणंदेणं असेल.

“तिला काय पाहिजे होतं?”

“काही नको. फक्त चार लोकांत म्हणावं, की तिचा बाप खोटं बोलत नव्हता.”

त्या रात्री झोप लागली नाही, पण त्याचं वर्णन करत बसत नाही. सकाळी मी मॅडमना फोन करून सांगितलं की पक्ष्याच्या घराण्याचं मूळ अनाथालयात आहे. त्या म्हणाल्या, “वाट लागली! अगं, बशा टांगल्यात त्याने. लिही ना, नोंदी क्रांतीत जळल्या, परंपरेनुसार उत्तरेकडचे. झकास होईल.” मी म्हटलं, जळलेल्या नाहीत, माझ्यासमोर उघड्या आहेत. त्या म्हणाल्या, म्हातारा आहे, कशाला त्याच्या जिवाला घोर लावतेस. हे मला पटतही होतं. शेवटी मी बाबांनाच विचारलं. खरं तर विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

“कळव त्याला,” बाबा म्हणाले. “बघू काय म्हणतो.”

मी जसं सापडलं तसं लिहून पाठवलं, पेटी, पडदा, फीत, चंडोल, सगळं. मॅडम आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

आणि मग बाबांचं सुरू झालं. सकाळी दूध आणायच्या आधी, दुपारी जेवल्यावर, संध्याकाळी कट्ट्यावरून आल्यावर, एकच प्रश्न. “आला का त्याचा निरोप?” ज्या माणसाचं नावसुद्धा त्यांना उच्चारता येत नव्हतं त्याच्या उत्तराकडे ते डोळे लावून बसले होते. मी चिडायची, कारण मला कळत होतं की हे वाट कशाची बघतायत. तो म्हातारा कोसळला तर गप्प राहिलो ते बरंच केलं असं म्हणता येईल. तो हसून म्हणाला चालायचंच, तरी सुटका होईल. काहीही झालं तरी त्या परक्या माणसाने यांचा निवाडा करायचा होता. मला त्यांची कीव यायची आणि संतापही. तसं बघितलं तर मी तरी काय वेगळं केलं होतं? दुसऱ्याच्या घरातलं सत्य बेधडक सांगून मोकळी झाले. आपल्या घरातलं सांगायला त्या बाईला एक पत्र नव्हतं लिहिलं.

आजोबांच्या तिथीच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवलं. शिक्षकांनी लिहिलं होतं की बशा उतरवून ठेवल्या. बहीण फोन घेत नाही, तिला वाटतं की मी पैसे देऊन घराण्याची बेअब्रू विकत घेतली. कबरींवर सगळे जमतील तेव्हा हे वाचायचं की नाही, माहीत नाही. कळवलंत त्याबद्दल आभार मानतो, पण मनापासून मानता येत नाहीत. शेवटी लिहिलं होतं, की मी त्या शहरात जाऊन आलो. ती भिंत अजून आहे, पेटीची जागा विटांनी बुजवली आहे. मी तिथे बराच वेळ उभा होतो. विचारायचं पुष्कळ होतं, पण विचारणार कोणाला.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, कशाला सांगितलंस.

“त्याच्याकडे कोणी उरलं नाही,” ते म्हणाले. “आपल्याकडे आहे. उद्या जाऊ.”

पत्ता शोधावा लागला नाही. त्यांच्या जुन्या डायरीत तो होता. एक खोडून दुसरा, दुसरा खोडून तिसरा, ती जिथे जिथे हलली तिथे तिथे यांनी कोणाकोणाकडून माहिती काढून लिहून ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पानं वाढू दिली नाहीत. म्हणाले, आल्यावर बघू. सकाळीच बाजारात जाऊन आले होते, हातात वर्तमानपत्राची पुडी. काय आहे ते विचारायची गरज नव्हती, वास येत होता. आम्ही मेट्रोने निघालो, अंधेरीला बदलून घाटकोपरच्या बाजूला. थंडगार डब्यात सुक्या बांगड्यांचा वास घमघमायला लागला. समोरच्या मुलीने नाकाला रुमाल लावला, एक गृहस्थ उठून पलीकडे गेले. एरवी बाबा मेल्याहून मेल्यासारखे झाले असते. ते पुडी मांडीवर घेऊन सरळ बसून होते.

डोंगरावर रिक्षा अर्ध्यापर्यंत जाते. पुढे पायऱ्या. दर वीस पायऱ्यांना बाबा थांबायचे, मी म्हणायची, परत जाऊया का, ते मान हलवायचे. वर पत्र्याची जाऊन पक्की झालेली घरं, निळी पिंपं, वाळत घातलेले गणवेश. एका बाईने बोट दाखवलं. दारावर पाटी होती आणि पाटीवर आमचं आडनाव. चुकलं, त्यांचं. मी ते माझ्या पासपोर्टवर हजारदा वाचलंय, पण तिथे उभी राहून पहिल्यांदा वाचावं तसं वाचलं.

मी कडी वाजवली.

“कोण आसा?” आतून आवाज आला.

याला उत्तर आपण आडनावानेच देतो. दार वाजवणारा प्रत्येक जण देतो. बाबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. शहात्तर वर्षं जे सहज निघत होतं ते त्या दारात निघेना. मी सांगायला गेले तर त्यांनी माझा हात दाबला.

दार उघडलं. तीच बाई, आता पार वाकलेली, बाबांपेक्षा चारेक वर्षांनी मोठी असेल. तिने बाबांकडे बघितलं आणि ओळखलं. मग खाली पुडीकडे बघितलं.

“तुझे वडील खरं बोलत होते,” बाबा दारातच म्हणाले. “पास त्यांचाच होता. माझ्या बापाने ओळख नाकारली. मी सगळं जाणून गप्प बसलो.”

ती चौकटीला धरून उभी.

“माका सांगून काय उपेग?” ती म्हणाली. “माका ठाऊकच होता. थापाड्यो म्हणणारे सगळे मरान गेले. आता कोणाक सांगतलंस?”

मला वाटलं, ती दार लावून घेईल, आणि लावलं असतं तर तिचं काही चुकलं नसतं. इतकी वर्षं लागली आम्हाला, बोरिवलीहून घाटकोपरला यायला.

तिने दार लावलं नाही. ती बाजूला झाली. “हकडे ये,” म्हणाली.

आत भिंतीवर एकच फोटो होता, हार घातलेला, गालफडं बसलेला माणूस. खाली नाव, आणि ते आडनाव. फोटोसमोर पाटावर पान वाढलेलं होतं. पितृपक्षात आजोबांची तिथी कधी येते ते आम्ही पंचांगात बघायचो, हिने बापाचं पान त्याच दिवशी का वाढलं मला ठाऊक नाही, विचारायची हिंमत झाली नाही. तिने बाबांना दंडाला धरून फोटोसमोर उभं केलं, अगदी जवळ.

मग बोट फोटोकडे करून तिने विचारलं, “ह्येंका वळाकतंस?”

तो प्रश्न तिने बापाच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल. ते मुंबईत जन्मले, मुंबईत वाढले, आजोबांची बोली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

“होय,” ते म्हणाले. “वळाकतंय.”

बाईने त्यांचा दंड सोडला, खाली बसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. बाबांनी पुडी उलगडली आणि त्यातला एक बांगडा पानावर ठेवला.